बाबांच्या हातचा पीळ

कूलर बाहेर काढायचा दिवस यंदा मी तीनदा पुढे ढकलला. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांना पत्र्याचे डबे लागले, शेजाऱ्यांची पाणी भरायची नळी सकाळ-संध्याकाळ माझ्या दारावरून जाऊ लागली, आणि मी आपली पंख्याखाली वहीनं वारा घेत बसलेली. शेवटी शेजारीणच म्हणाली, "काहून अशी तापून राहिली वं बाई? लाव नं कूलर." मग ताट्या बदलणाऱ्याला बोलावलं. त्यानं जुन्या, काळ्या पडलेल्या ताट्या काढून वाळ्याच्या नव्या बसवल्या, टाकीत पाणी सोडलं आणि बटण दाबलं. ओल्या वाळ्याचा पहिला वास खोलीत शिरला. तो माणूस म्हणाला, "घ्या मॅडम, आता झोपा आरामात." मी त्याला पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाही. बिचारा तसाच निघून गेला असावा.

बाकी जगाला वर्षं पावसाळ्यांवरून आठवत असतील. आम्हा नागपूरकरांची वर्षं उन्हाळ्यांवर टांगलेली असतात. अमका उन्हाळा लाइटीविना गेलेला, तमका लग्नांचा, अमक्यात कूलरची मोटर जळाली. माझ्याकडे आता एकच उन्हाळा उरलाय. बाकीचे सगळे त्याच्या मागे जाऊन उभे राहिलेत. त्या उन्हाळ्यात बाबा घरी होते, समोरच्या खोलीत, कठड्याच्या पलंगावर, नाकात नळी घेऊन. खिडकीतला हा कूलर तेव्हा त्यांच्यासाठी दिवसभर चालायचा.

बाबा विणकर. आमचं घर कोष्ट्यांचं. आता गल्लीत सांगितलं तर नव्या पोरांना खरं वाटत नाही, पण या खोलीत माग होता. मी लहान असताना भल्या पहाटे गल्लीभर उभ्या धाग्यांचे ताणे पसरलेले असायचे, त्यांना खळ लावून कुंचा फिरवायचं काम ऊन चढायच्या आत उरकावं लागे. शाळेला जाताना आम्ही पोरं ताण्यांखालून वाकून जायचो. वाकताना वेणी खळीला लागली की आईचा धपाटा. पुढे यंत्रमागाचं कापड आलं आणि एकेक माग उठला. बाबांचाही उठला. मग ते इतवारीत एका कापडदुकानात गादीवर बसून दुसऱ्यांनी विणलेल्या साड्यांच्या घड्या घालू लागले. तक्रार केली नाही. फक्त साडी हातात आली की काठावरून अंगठा फिरवायचे आणि घडी करायचे. गिऱ्हाईक समजायचं म्हातारा कौतुक करतोय. मला माहीत होतं, तो कौतुकाचा अंगठा नव्हता.

मी मात्र त्या मागातून लवकर सुटले. खरं सांगायचं तर लबाडी करून सुटले.

मे महिन्याच्या सुटीत आम्हा पोरांना सांधायला बसवायचे. मागावरचं कापड पुरतं उतरवून घ्यायची रीत नसते. कापड कापून घेताना वीतभर ताणा मागाच्या फणीत तसाच ठेवायचा आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकांना जोडायचा, म्हणजे हजारो धागे पुन्हा ओवायला नकोत. शेजारी वाटीत राख. बोट राखेत बुडवायचं, जुनं टोक आणि नवं टोक जवळ घ्यायचं, चिमटीत धरून एक पीळ द्यायचा आणि तो धाग्यावर पाडायचा. झालं. बाबांची बोटं हे इतकं भराभर करायची की पाहणाऱ्याला वाटावं, नुसती हवा चाळवताहेत. मला ते सांधणं कधी जमलं नाही. खरं म्हणजे जमवून घेतलं नाही. मी गपचूप गाठी मारायची. गाठ दिसायला पक्की, पण फणीत जाऊन अडकते आणि धागा तुटतो. चार दिवसांत माझ्या वाट्याच्या जागी धागेच धागे तुटले. बाबांनी तुटलेली टोकं पाहिली, माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं.

"गाठ नाही मारत वं बाई. पीळ देतेत," ते म्हणाले.

"मले नाही येत," मी म्हटलं.

"येते तुले. मन नाही तुयं." आणि राखेची वाटी आपल्याकडे ओढत, "जा. पुस्तक घेऊन बस. तुयं बोट राखीत नको जायाले."

मी पुस्तक घेऊन बसले आणि पुढे पस्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत गणित शिकवलं. कडक मास्तरीण म्हणून माझं नाव होतं. वर्गात शिरले की माझं पहिलं वाक्य ठरलेलं, हाताची घडी, तोंडावर बोट. साठ पोरांचे एकशेवीस हात मी एका वाक्यात बांधून ठेवायची, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आज हे लिहिताना माझीच मला शिसारी येते.

त्या वर्षी संक्रांतीनंतर बाबांना झटका आला. आधीच त्यांची आठवण विरत चालली होती. कधी मला आई समजायचे, कधी आजी. झटक्यानं गिळणं गेलं. दवाखान्यातून नाकात नळी घेऊन घरी आले. माझं लग्न नाही, निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली, त्यामुळे कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता. आणि एक शब्द दिलेला होता. शुद्धीत होते तेव्हाच एकदा, भिंतीला टेकून बसले असताना, त्यांनी माझं मनगट धरून म्हटलं होतं, "मले या खोलीतून नको हलवू. इथं माग होता." मी म्हटलं, नाही हलवणार. एवढंच. पुढे जे काही केलं ते मी या शब्दासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत असते.

माझ्या मदतीला वनिता आली. रामटेककडची, धानाच्या शेतकऱ्याची मुलगी, वाडीत भाड्याच्या खोलीत राहायची. सकाळी आठला यायची आणि रात्रीचं पेज-औषध देऊन जायची. कधीतरी घरोघरी म्हाताऱ्यांना सांभाळण्याचं चार महिन्यांचं शिक्षण घेतलेलं, पण तिचं खरं शिक्षण तिच्या हातात होतं. दर दोन तासांनी बाबांना कुशीवर वळवायची, पाठ पुसून पावडर लावायची, तळपायाला खोबरेल चोळायची, नळीतून गाळलेली पेज घालताना मुलाशी बोलावं तसं बोलत राहायची. "बाबाजी, आज पेजेत मुगाची डाळ हाये बरं. वास घ्या." चव घ्या म्हणता येत नव्हतं, म्हणून वास घ्या. हे मला सुचलं नसतं.

मी काय केलं? मी तक्ता केला. फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं, लाल शाईनं खुणा. वनिता त्याच्याकडे बघून हसायची. "मॅडम, बाबाजीले वाचता येत नाही आता," म्हणायची. तरी खुणा करायची.

चैत्र संपत आला तसे बाबांचे हात चालू झाले. दिवसभर बोटं हलायची. चादरीच्या कडेच्या दशा चिमटीत धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं या आजारात, रुग्ण अंथरूण चाचपतो. मी ते वाक्य उतरवून घेतलं आणि निश्चिंत झाले. नाव मिळालं की आम्ही शिकलेले लोक बघणं थांबवतो. वनिता मात्र बघत राहिली. एक दिवस म्हणाली, "मॅडम, याइचे हात रिकामे नाहीत. काम करून राहिले ते. आमच्याकडे बाया धानाच्या रोवणीले लागल्या का असेच हात चालतेत."

"आजार आहे तो," मी म्हटलं.

"असंल. पण उजवा हात मधातच बाजूले जाते, पाहा. काहीतरी शोधते."

खरंच जायचा. दर पाचदहा सेकंदांनी उजव्या हाताचं बोट पलंगाच्या काठाशी जाऊन हवेत टेकायचं आणि परत यायचं. एका दुपारी पाठ पुसताना वनितानं पावडरच्या डब्याचं झाकण तिथंच ठेवलं, त्यात थोडी पावडर सांडलेली. बाबांचं बोट त्यात पडलं. थांबलं. मग परत दशांकडे आलं, चिमटी झाली, आणि त्यांचा चेहरा सैल पडला. वनितानं दुसऱ्या दिवसापासून झाकण तिथंच ठेवायला सुरुवात केली. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "मले का मालूम मॅडम. त्याइले पाहिजे होतं काहीतरी. भेटलं."

मला, कोष्ट्याच्या पोरीला, जिनं लहानपणी मे महिने राखेच्या वाटीशेजारी काढले, मला ते कळलं नाही. चादरीभर पावडर झाली म्हणून मी ते झाकण उचलून कपाटात ठेवलं. वनितानं पुन्हा काढलं. मी पुन्हा ठेवलं. असा आमचा खेळ चालला होता, आणि मला त्यात गंमतही वाटायची. देवा.

त्या हलणाऱ्या हातांनी दोनदा नळी उपसली. दोन्ही वेळा झाकण कपाटात होतं, हे आज आठवतं. दुसऱ्यांदा नळी बसवताना नाकातून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, आता तिसऱ्यांदा निघाली तर घरी नको, भरती करू. तिथं हात बांधूनच ठेवतील, तयारी ठेवा. मी घरी येऊन बाबांच्या पलंगाशी बसले आणि ठरवलं, नळी निघता कामा नये. मग काही का करावं लागेना.

नवतपा लागला. मे सरताना ते नऊ दिवस येतात आणि शहर दुपारी मेल्यासारखं पडून राहतं. रस्त्यावर माणूस नाही, झाडावर पाखरू नाही, नळाचं पाणी हात पोळेल असं. नेमकं तेव्हाच वनिताच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. ती चार दिवस गावाला जाणार होती. बदली बाई पाठवते म्हणाली. मी नको म्हटलं. माझे बाबा, मी करीन. जाताना तिनं पावडरचं झाकण पलंगाच्या काठाशी ठेवलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "राहू द्या हे. एवढं ऐका." मी राहू दिलं.

पहिले दोन दिवस मी केलं. वळवलं, पुसलं, पेज घातली. माझी कंबर तुटायला आली, पण तक्त्यावर एकही रकाना रिकामा नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून आले तर डोळे मिटायला लागले. बाबांची बोटं चाललेली. एकदा हात वर उठला, नळीपाशी गेला, गाल खाजवून खाली आला. मी झोपले आणि तेवढ्यात यांनी ओढली तर?

कपाटात आईच्या लुगड्याच्या काठाची पट्टी होती. लुगडं कधीच विरलं, काठ तेवढा मी फाडून ठेवलेला. हिरवा, मधे लाल. बाबांनीच विणलेला. मऊ होता, म्हणून तोच घेतला. त्यांना खुपू नये म्हणून. तेवढी काळजी मी घेतली. डावा हात त्यांचा झटक्यानंतर अर्धवटच हलायचा. उजव्या मनगटाभोवती पट्टी गुंडाळली आणि कठड्याला बांधायला लागले.

बाबांनी डोळे उघडले. अंगठा पट्टीवरून फिरला, तसाच, दुकानात फिरायचा तसा. आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून सबंध वाक्य आलं. घोगरं, पण स्वच्छ.

"काहून बांधून राहिली वं?"

"तुमच्यासाठीच बाबा. नळी निघेल."

ते माझ्या हातांकडे बघत होते. मी गाठ मारत होते.

"गाठ नाही मारत वं बाई," ते म्हणाले. "पीळ दे."

त्या क्षणी मला सगळं कळलं. दशा, झाकण, हवेत टेकणारं बोट, सगळं. कळलं नाही म्हणायची सोय नाही मला. त्यांनी मला आई म्हणून नाही, आजी म्हणून नाही, मी म्हणून ओळखलं होतं. त्यांनी मला पुन्हा एकदा सांधायला बसवलं होतं. आणि मी काय केलं, तर ती गाठ पूर्ण केली. वर दुसरी मारली. मला झोप येत होती हो. एवढंच कारण आहे. दुसरं काही सापडलं असतं तर मी लिहिलं असतं.

खुर्चीतच मला झोप लागली. जाग आली तेव्हा ऊन खिडकीच्या कूलरवरून उतरलं होतं, टाकीतलं पाणी संपून मोटर कोरडीच गरगरत होती. बाबांचा हात सुटलेला. दोन्ही गाठी सुटून पट्टी छातीवर आलेली, बोटं चाललेली. नळी होती तिथं होती. पट्टी ओढली तर ती चादरीच्या कडेला अडकलेली. काय अडकलंय हे पाहायचा धीर नव्हता. कात्री आणली, पट्टी कापली, चादर बदलून जुनी धुण्याच्या बोचक्याच्या तळाशी कोंबली, आणि दोन जाड मोजे आणून बाबांच्या दोन्ही हातांवर चढवले, मनगटाशी चिकटपट्टी लावली. मोज्यांच्या आत बोटं थोडा वेळ हलली. मग थांबली. मी तक्त्यावर चारच्या पेजेची खूण केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वनिता आली, मेंदीच्या हातांनी, डब्यात लग्नाचे लाडू घेऊन. तिनं पलंगाकडे पाहिलं आणि डबा खाली ठेवला. मोजे काढले. मनगटावर वळ होता.

"तुमीच बांधले मॅडम?"

"नळी निघाली असती, वनिता."

"निघाली का?"

"नाही."

ती तेल घेऊन आली. वळावर खोबरेल लावलं. झाकणात पावडर घेऊन काठाशी ठेवलं. बोट तिकडे गेलं नाही. तिनं स्वतः त्यांचं बोट धरून पावडरीत टेकवलं, दशांपाशी आणलं. हात तसाच पडून राहिला, घडी केल्यासारखा. पुढचे चार दिवस ती दिवसातून कितीदा तरी ते करून पाहायची. मी खोलीबाहेर थांबायची.

नवतप्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी, कूलरमध्ये पाणी भरायच्या आधीच, बाबा गेले. याच खोलीत. शब्द पाळला, असं सगळे नातेवाईक म्हणाले. कोणी म्हणालं, मुलगी असावी तर अशी. मी मान खाली घालून ऐकलं.

तेरावं झालं, भाड्यानं आणलेला पलंग परत गेला. वनिता मदतीला आली होती, कपडे भिजवत होती. मोरीतून तिनं हाक मारली. "मॅडम, या चादरीले हे काय हाये?" ती कोरडी चादर घेऊन दारात आली. कडेच्या पांढऱ्या दशांना बोटभर लांबीचा हिरवा-लाल तुकडा लोंबत होता. मी कापलेला. मी तो उजेडात धरला. काठाची सुटी टोकं आणि चादरीच्या दशा, एकाला एक. पावडरचा वास अजून होता. मी मोजले. सात सांधे होते. एकालाही गाठ नव्हती.

सुटल्या हातानं त्यांनी दुपारभर हे केलं होतं. नळीला हातही लावला नव्हता.

वनितानं विचारलं, "धुऊ?" मी नको म्हटलं. मग तिथंच मोरीच्या उंबऱ्यावर बसून मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले, आणि तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, बाबांच्या पाठीवरून फिरवायची तसा, वरून खाली, न थांबता.

हा दुसरा उन्हाळा. वनिता आता दुसऱ्या घरी जाते, एका आजींना सांभाळते. रविवारी कधी येते, चहा घेते. मागच्या रविवारी तिनं मला चादर घेऊन बसलेलं पाहिलं. उठून आतून पावडरचं झाकण आणून माझ्या उजव्या हाताशी ठेवलं.

काठाची उरलेली पट्टी माझ्याकडे आहेच. तिची टोकं उसवून मी रोज दुपारी एक दशी घेते, पावडरीत बोट बुडवते, पीळ देते. ओढून पाहते. सुटतो. पुन्हा देते. पुन्हा सुटतो. ओढून ओढून बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही, हा मास्तरकीचा रोग आहे. बाबांचे सात तसेच आहेत.

काल नवतपा लागला. कूलर चालू होता, दार लोटलेलं, गल्लीत कोणी नव्हतं. दुपारी मी आठवा सांधा दिला आणि चादर घडी करून ठेवली. ओढून पाहिला नाही.